चिपचं नाव एकच, मग एक लॅपटॉप मागे का पडतो? पातळ गेमिंग लॅपटॉपमधलं वॅटचं गणित

समजा, तुमच्यासमोर दोन गेमिंग लॅपटॉप ठेवलेत. दोन्ही असूस कंपनीचे. दोन्हींच्या माहितीत ग्राफिक्स चिपचं नाव एकच लिहिलंय, ‘एनव्हिडिया जीफोर्स आरटीएक्स ४०७० लॅपटॉप जीपीयू’. ग्राफिक्स मेमरीही दोन्हींत ८ जीबी. मग दोन्हींवर गेम सारखाच चालणार, असं कुणालाही वाटेल.

पण तसं होत नाही.

यातला पहिला आहे २०२४ चा आरओजी झेफिरस जी१४. वजन दीड किलो, जाडी जेमतेम १६ मिलिमीटर. यातल्या ४०७० चिपला जास्तीत जास्त ९० वॅट वीज मिळते. दुसरा आहे आरओजी स्ट्रिक्स जी१६. वजन अडीच किलो आणि अंगाने चांगलाच जाड. यातल्या त्याच ४०७० ला १४० वॅटपर्यंत वीज मिळते. चिप तीच, नाव तेच, पण विजेत तब्बल ५० वॅटचा फरक. आणि ग्राफिक्स चिप किती पळणार, हे तिच्या नावाइतकंच तिला मिळणाऱ्या विजेवर ठरतं.

असे लॅपटॉप आता फक्त गेमर घेत नाहीत. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, व्हिडीओ एडिटिंग करणारे, ब्लेंडरवर थ्रीडी काम करणारे, एआय शिकणारे असे अनेक जण ते घेतात. किंमत लाखाच्या घरात जाते आणि बऱ्याच घरांत ती ईएमआयवर फेडली जाते. त्यामुळे आपण नेमकं काय विकत घेतोय, हे कळायला हवं. वॅटचा हा खेळ नेमका काय आहे, तो सुरू कसा झाला आणि लॅपटॉप घेताना काय तपासायचं, त्याची ही सोपी मांडणी.

वॅटला एवढं महत्त्व का?

ग्राफिक्स चिप जेवढी वीज खाते, त्यातली जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. पाच मिनिटांनी त्याला हात लावायची सोय नसायची. साधारण तेवढीच उष्णता लॅपटॉपमध्ये पोस्टाच्या तिकिटाहून लहान चिपमधून बाहेर काढायची असते. तीही दोन बोटं जाडीच्या डब्यातून, मांडीवर किंवा टेबलावर ठेवलेली असताना.

डेस्कटॉपला ही अडचण फारशी नसते. तिथे मोठं कॅबिनेट, तीन-तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आणि हवा खेळायला भरपूर जागा असते. म्हणून डेस्कटॉपची आरटीएक्स ४०९० तब्बल ४५० वॅट घेऊ शकते. लॅपटॉपमध्ये एवढी उष्णता सोडली, तर ती बाहेर जाणार कुठून?

त्यामुळे लॅपटॉप बनवणारी कंपनी आधी ठरवते की आपल्या डब्यातून किती उष्णता बाहेर काढता येईल. मग तेवढाच वॅटचा कोटा चिपला देते. ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी मिळून जो कोटा असतो, त्याला ‘टोटल ग्राफिक्स पॉवर’ म्हणजेच टीजीपी म्हणतात. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच आहे.

हे सगळं सुरू कधी झालं?

काही वर्षांपूर्वीपर्यंत लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपच्या नावात शेवटी ‘एम’ हे अक्षर असायचं. उदाहरणार्थ, जीटीएक्स ९८०एम. एम म्हणजे मोबाईल. ही डेस्कटॉपवाली चिप नाही, हे त्या एका अक्षरावरून कळायचं.

ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०६०, १०७० आणि १०८० या चिप लॅपटॉपमध्ये आणल्या आणि हे ‘एम’ काढून टाकलं. तेव्हा ते बऱ्यापैकी रास्तही होतं. लॅपटॉपमधल्या १०८० मध्ये डेस्कटॉपच्या १०८० एवढेच, म्हणजे २५६० क्युडा कोअर होते. कोअर म्हणजे चिपमधले छोटे कामगार, असं समजा. मात्र ही चिप बसवलेले लॅपटॉप जाडजूड आणि वजनदार होते. कॉलेजला पाठीवर घेऊन जायचं, तर खांदे भरून यायचे.

मग ३० मे २०१७ च्या सुमारास तैवानमधल्या तैपेई इथे भरलेल्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ‘मॅक्स-क्यू’ ही कल्पना मांडली. हा शब्द रॉकेटच्या दुनियेतला. रॉकेट वर जात असताना एका क्षणी त्याच्यावर हवेचा दाब सर्वाधिक असतो. त्या क्षणाला मॅक्स-क्यू म्हणतात. रॉकेटची रचना हा टप्पा डोळ्यांसमोर ठेवून करतात. एनव्हिडियाचं म्हणणं होतं की लॅपटॉपची रचनाही अशीच हवी. चिपला तिच्या कमाल वेगावर पळवायचं नाही. प्रत्येक वॅटमागे सर्वाधिक काम ज्या ठिकाणी मिळतं, त्या ठिकाणी तिला चालवायचं.

त्याच वेळी आलेल्या असूसच्या पहिल्या झेफिरसची जाडी १७.९ मिलिमीटर होती आणि त्यात जीटीएक्स १०८० मॅक्स-क्यू बसवलेली होती. नेहमीची लॅपटॉप १०८० साधारण १५० वॅट घ्यायची. मॅक्स-क्यू आवृत्ती ९० ते ११० वॅटवर चालायची. कोअर मात्र तेवढेच, २५६०.

कमी विजेत जवळपास तेवढंच काम कसं होतं?

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. चिपला लागणारी वीज मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, चिपचा वेग, म्हणजेच क्लॉक. दुसरी, तिला दिलेलं व्होल्टेज. वेग वाढवला की वीज त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं, तर मात्र वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा असेल, तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे दोन्हींचा मार एकदम बसतो.

आता हाच हिशोब उलटा करून बघा. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले, तर वीज किती लागेल? ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२९. वेग गेला १० टक्के, वीज वाचली २७ टक्के. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले, तर वीज जवळपास निम्म्यावर येते. प्रत्यक्षात चिपमधून थोडी वीज सतत गळत असते, त्यामुळे आकडे इतके नेमके येत नाहीत. पण दिशा हीच असते.

एसटी स्टँडवरून निघालेल्या गाडीचं उदाहरण घ्या. ६० च्या वेगाने ती चांगलं ॲव्हरेज देते. १०० ने पळवली, तर लवकर पोहोचते, पण डिझेल भसाभस जातं. चिपच्या बाबतीतही शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महागात पडतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. जास्त कोअरची मोठी चिप सावकाश चालवणं हे कमी कोअरची लहान चिप जोरात पळवण्यापेक्षा विजेच्या दृष्टीने फायद्याचं असतं. म्हणून ८० वॅटची मर्यादा दोघींना सारखी असेल, तर मोठी चिप साधारणपणे जास्त काम करते. अर्थात, तिची किंमतही जास्त असते. म्हणजे कमी वॅटची चिप ही फसवणूक आहे, असं सरसकट म्हणता येत नाही. ते चांगलं इंजिनिअरिंग आहे. घोळ झाला तो पुढे, नावं देताना.

मग घोळ कुठे झाला?

२०१७ ते २०२० पर्यंत खोक्यावर किमान ‘मॅक्स-क्यू’ हा शब्द असायचा. ‘आरटीएक्स २०८०’ आणि ‘आरटीएक्स २०८० मॅक्स-क्यू’ अशी दोन वेगळी नावं होती. दुसरी चिप हळू आहे, हे ज्याला माहिती होतं, त्याला नुसत्या नावावरून अंदाज यायचा.

जानेवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेचे लॅपटॉप आले, तेव्हा चिपच्या नावातून हा शब्द गेला. ‘मॅक्स-क्यू’ आता काही तंत्रज्ञानांच्या संचाचं नाव झालं. चिपच्या नावाला फक्त ‘लॅपटॉप जीपीयू’ असं शेपूट लागलं. आणि एकाच नावाखाली वॅटचा भलामोठा पट्टा आला. आरटीएक्स ३०८० लॅपटॉप ८० वॅटपासून १५० वॅटच्या पुढेपर्यंत, तर ३०७० लॅपटॉप ८० पासून १२५ वॅटपर्यंत.

याचा परिणाम काय झाला? ८० वॅटची ३०८० ही १२५ वॅटच्या ३०७० च्या मागे पडू शकते, हे चाचण्यांमधून दिसलं. म्हणजे जास्त पैसे मोजून वरच्या नंबरची चिप घेणाऱ्याला खालच्या नंबरवाल्यापेक्षा कमी वेग मिळू शकतो. बरीच टीका झाल्यावर एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना सुरुवातीला आग्रह केला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की, चिपचा वेग आणि वॅट आपापल्या उत्पादनाच्या पानावर देणं त्यांना बंधनकारक आहे.

त्यामुळे आज कंपनीच्या वेबसाईटवर हा आकडा साधारणपणे सापडतो. पण शॉपिंग ॲपवरच्या यादीत, सेलच्या बॅनरवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातल्या भावपत्रकावर बरेचदा फक्त ‘४०६०’ किंवा ‘५०७०’ एवढंच दिसतं. एसी घेताना आपण तारे बघतो. फ्रिज घेताना वर्षाला किती युनिट जातील, ते बघतो. ग्राफिक्स चिपचे वॅट सांगणारं असं स्टिकर खोक्यावर दिसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे दुकानदाराला ‘याचा टीजीपी किती?’ असं विचारण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

डेस्कटॉपचं नाव, लॅपटॉपची चिप

वॅटच्या जोडीला दुसरा घोळ आहे तो डेस्कटॉपच्या नावांचा. २०१६ मध्ये दोन्हीकडे कोअर तेवढेच होते. आता तसं राहिलेलं नाही.

आरटीएक्स ४०७० च बघा. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. वरच्या टोकाला तर दरी आणखी मोठी आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेस्कटॉप आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० कोअर, ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅटची भूक. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ९५ ते १५० वॅट. कोअरची संख्या निम्म्याहून कमी, तरी आकडा तोच, ५०९०.

म्हणून यूट्यूबवर डेस्कटॉपच्या चिपची चाचणी बघून त्याच नंबरचा लॅपटॉप मागवला, तर निराशा ठरलेली. बघायची असेल, तर त्या विशिष्ट लॅपटॉप मॉडेलचीच चाचणी बघायला हवी.

मग जास्त वॅट म्हणजे नेहमीच चांगलं?

इथे गंमत आहे. ९० वॅटवरून १४० वॅटवर गेलं, की वीज ५५ टक्क्यांनी वाढते. वेग मात्र त्या प्रमाणात अजिबात वाढत नाही. कारण वर पाहिलेलं तेच गणित. शेवटचे वॅट फार थोडा वेग देतात.

आरटीएक्स ४० मालिकेतल्या ४०५०, ४०६० आणि ४०७० या लॅपटॉप चिप साधारण १०० वॅटच्या आसपास पोहोचल्या की पुढे फारसा फरक पडत नाही, असं अनेक चाचण्यांमध्ये दिसलं. त्यांचं व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे जात नाही, त्यामुळे वरचे वॅट वापरलेच जात नाहीत. जाहिरातीत १४० वॅट लिहिलेलं असलं, तरी. पुढच्या ५० मालिकेत ५०६० लॅपटॉपसाठी ४५ ते १०० वॅट आणि ५०७० साठी ५० ते १०० वॅट असा पट्टा आहे, हेही इथे लक्षात घ्यायला हवं.

म्हणजे खरा धोका आहे तो पट्ट्याच्या खालच्या टोकाला. १०० आणि १४० वॅटच्या ४०६० मध्ये फारसा फरक जाणवणार नाही. पण ४५ आणि १०० वॅटच्या ५०६० मध्ये चांगलाच जाणवेल. दुकानात नाव मात्र दोन्हींचं एकच असेल.

आणखी एक बारकावा. जाहिरातीतला आकडा बरेचदा बेरीज असतो. झेफिरसचे ९० वॅट म्हणजे ६५ अधिक २५. स्ट्रिक्सचे १४० म्हणजे ११५ अधिक २५. यातले २५ वॅट ‘डायनॅमिक बूस्ट’ या सोयीतून येतात. मुख्य प्रोसेसरला काम कमी असेल, तेव्हा त्याच्या वाट्याची वीज ग्राफिक्स चिपकडे वळवली जाते. प्रोसेसरलाही भरपूर काम असेल, तर हे २५ वॅट मिळतीलच असं नाही.

बॅटरीवर गेम चालतो का?

‘कमी वीज खाणारी चिप आहे, म्हणजे बॅटरीवर तीन-चार तास गेम खेळता येईल’ हा सगळ्यात मोठा गैरसमज.

लॅपटॉपच्या बॅटरीला एक अदृश्य मर्यादा आहे, विमान प्रवासाची. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येते. म्हणून बड्या लॅपटॉपमध्येही ९० किंवा ९९ वॅट-तासांची बॅटरी दिसते, त्यापुढे कंपन्या सहसा जात नाहीत. आता हिशोब करा. ९० वॅट-तासांची बॅटरी आहे आणि ग्राफिक्स चिप, प्रोसेसर, स्क्रीन मिळून फक्त ८० वॅट खातायत. बॅटरी टिकेल तासाभराहून थोडीच जास्त. म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच चिपचे वॅट बरेच खाली आणतो आणि गेम संथ होतो.

कमी विजेचा खरा फायदा दिसतो तो गेम बंद असताना. २०१० पासून एनव्हिडियाची ‘ऑप्टिमस’ ही सोय आहे. साधं काम चालू असताना मोठी ग्राफिक्स चिप झोपी जाते आणि प्रोसेसरमधली छोटी ग्राफिक्स स्क्रीन सांभाळते. ५० मालिकेत चिपचे न वापरले जाणारे भाग अधिक बारकाईने बंद करण्यावर कंपनीने भर दिला आहे. यामागे कारणही आहे. ४० आणि ५० या दोन्ही मालिका तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या जवळपास एकाच निर्मिती प्रक्रियेवर बनतात. पूर्वी दर काही वर्षांनी ट्रान्झिस्टर लहान व्हायचे आणि विजेची बचत आपोआप मिळायची. या वेळी तशी बचत नव्हती, त्यामुळे ती दुसरीकडून शोधावी लागली.

सॉफ्टवेअर वॅट वाचवू शकतं का?

काही प्रमाणात, हो. २०१८ मध्ये आलेलं ‘डीएलएसएस’ तंत्रज्ञान हेच करतं. २५६० बाय १४४० च्या स्क्रीनवर एका चित्रात जवळपास ३७ लाख पिक्सेल असतात. डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ मोडमध्ये चिप त्यातले साधारण १६ लाखच काढते आणि उरलेलं चित्र एआयच्या मदतीने भरलं जातं. काम निम्म्याहून कमी. कमी वॅटच्या लॅपटॉपसाठी हे वरदानच आहे.

पण इथेही जाहिरात जपून वाचायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये ५० मालिका सादर करताना जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स ५०७० ही ४०९० ची कामगिरी देते, असा दावा केला. ही तुलना डीएलएसएस ४ च्या ‘मल्टी फ्रेम जनरेशन’वर आधारलेली होती. यात एका खऱ्या फ्रेममागे एआयने तयार केलेल्या तीनपर्यंत फ्रेम घातल्या जातात. चित्र त्यामुळे गुळगुळीत दिसतं. पण बटण दाबल्यावर गेम किती चटकन प्रतिसाद देतो, हे खऱ्या फ्रेमवरच ठरतं. आणि ब्लेंडरचं रेंडर किंवा एआयचं मॉडेल चालवताना या जास्तीच्या फ्रेमचा काहीही उपयोग नाही.

विदर्भातल्या मे महिन्यात काय होतं?

लॅपटॉपच्या चाचण्या बहुतेक वेळा एसी असलेल्या खोलीत होतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. याचा लॅपटॉपवर थेट परिणाम होतो, कारण पंखा उष्णता फक्त बाहेर ढकलतो. एसीसारखी हवा थंड करत नाही.

साधा हिशोब बघा. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप साधारण ८५ ते ९० अंशांवर पोहोचली, की स्वतःचा वेग कमी करते. ८७ अंश धरू. खोलीत २५ अंश असतील, तर फरक ६२ अंशांचा. खोलीत ४० अंश असतील, तर फरक उरतो ४७. उष्णता बाहेर जाण्याचा वेग ढोबळमानाने या फरकावर अवलंबून असतो. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळपास पाव हिस्स्याने कमी. खोक्यावरचे १०० वॅट प्रत्यक्षात ७५ च्या आसपास येऊ शकतात.

जाड लॅपटॉपमध्ये थोडी शिल्लक असते, तो हे सहन करतो. पातळ लॅपटॉप आधीच काठावर चालत असतो. त्यात अनेक कंपन्या वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं, असं सांगतात. ज्यांच्या खोलीत एसी नाही आणि उन्हाळ्यातही तासन्‌तास रेंडरिंग करायचंय, त्यांनी पातळपणाच्या मोहात पडण्याआधी याचा विचार करायला हवा.

आता बाजारात नवीन काय घडतंय?

आतापर्यंत प्रोसेसर वेगळा आणि ग्राफिक्स चिप वेगळी, अशी रचना होती. आता दोन्ही एकाच ठिकाणी आणण्याची स्पर्धा सुरू झाली आहे.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणून ही वाट दाखवली. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि दोघांची सामायिक मेमरी एकत्र. डेटा इकडून तिकडे नेण्यात जाणारी वीज वाचते. जानेवारी २०२५ मध्ये एएमडीने ‘रायझन एआय मॅक्स’ मालिका आणली. तिच्यातल्या सर्वांत वरच्या चिपमध्ये १६ प्रोसेसर कोअर आणि ४० ग्राफिक्स युनिट आहेत. अख्ख्या चिपचा कोटा ४५ ते १२० वॅट. अनेक चाचण्यांत तिची ग्राफिक्स कामगिरी आरटीएक्स ४०६० लॅपटॉपच्या जवळपास दिसली. तीही असूसच्या फ्लो झेड१३ सारख्या १३ इंची टॅबलेटमध्ये. सामायिक मेमरी १२८ जीबीपर्यंत घेता येत असल्याने मोठी एआय मॉडेल चालवणाऱ्यांना ती विशेष भावली. तोटा असा की किंमत चढी आहे आणि मेमरी बोर्डवरच पक्की जोडलेली असते. नंतर रॅम वाढवू, असं म्हणता येत नाही.

याला उत्तर म्हणता येईल अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. त्याचबरोबर इंटेल आपल्या प्रोसेसरसोबत एनव्हिडियाची आरटीएक्स ग्राफिक्स एकाच पॅकेजमध्ये जोडलेल्या चिप बनवणार, असंही सांगण्यात आलं. अशा चिप आल्या, तर पातळ लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या गरम जागा थंड करण्याऐवजी एकच जागा सांभाळावी लागेल. पण मग वॅटचा कोटाही एकच असेल आणि तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यात वाटला जाईल. म्हणजे ‘किती वॅट?’ हा प्रश्न तिथेही सुटणार नाही.

घेताना नेमकं काय तपासायचं?

पहिलं, टीजीपी. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर त्या नेमक्या मॉडेल नंबरचं पान उघडा आणि वॅटचा आकडा शोधा. सापडला नाही, तर विक्रेत्याला लेखी विचारा. ‘एवढे अधिक एवढे’ असं लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा खरा धरा.

दुसरं, मेमरी. ५०६० आणि ५०७० या दोन्ही लॅपटॉप चिपमध्ये ८ जीबीच ग्राफिक्स मेमरी आहे, ५०७० टीआयमध्ये १२ जीबी. मोठे गेम आणि एआयच्या कामासाठी हा फरक वॅटपेक्षाही महत्त्वाचा ठरू शकतो.

तिसरं, त्याच मॉडेलची अर्ध्या तासाहून मोठी चाचणी. पहिली पाच मिनिटं प्रत्येक लॅपटॉप पळतो. तापल्यावर किती टिकतो, ते बघा. पंख्याचा आवाजही तिथेच कळेल.

चौथं, चार्जर. १०० वॅटच्या टाईप-सी चार्जरवर लॅपटॉप चालतो, पण पूर्ण ताकदीने गेम चालवायला कंपनीने दिलेला मोठा चार्जर लागतो. ‘वजन दीड किलो’ वाचताना चार्जरचं वजनही त्यात मिळवा.

पाचवं, घरी आल्यावर लगेच पडताळणी. एनव्हिडियाच्या ‘कंट्रोल पॅनल’मध्ये ‘हेल्प’ आणि मग ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’ उघडलं, की चिपचे जास्तीत जास्त वॅट दिसतात. जाहिरातीतला आकडा आणि हा आकडा जुळत नसेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तक्रार करा. त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

थोडक्यात काय, तर रोज लोकलने किंवा बसने फिरणाऱ्या, दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी तासभर गेम असा दिनक्रम असलेल्या विद्यार्थ्याला ८०-९० वॅटचा दीड किलोचा लॅपटॉप योग्य ठरू शकतो. त्याला खांदेदुखीही नको आणि पंख्याचा घोंगाटही. तर एकाच टेबलावर ठेवून रोज चार तास रेंडरिंग करणाऱ्याला तेवढ्याच पैशात मिळणारा जाड लॅपटॉप जास्त काम देईल. दोघांच्याही खोक्यावर चिपचं नाव एकच असेल. म्हणून पुढच्या सेलमध्ये ‘आरटीएक्स’च्या पुढचा नंबर वाचून झाला, की वॅटचा आकडा विचारा आणि तो कळेपर्यंत पैसे भरू नका.